विश्लेषण : १३ गोळ्यांचे पिस्तूल आणि त्याआधीच गेलेला कारागीर… जॉन ब्राउनिंग यांनी मॅगझिनचे कोडे कसे सोडवले?

पिस्तुलाची गोळी वापरणाऱ्या छोट्या रायफलींच्या, म्हणजे पिस्तूल कॅलिबर कार्बाइनच्या स्पर्धांत बंदूक कोणती यापेक्षा मॅगझिन कोणते, हा प्रश्न अनेकदा अधिक कळीचा ठरतो. गोळ्या किती मावतात, त्या न अडकता वर येतात का आणि मॅगझिन बदलायला किती वेळ लागतो, या तीन गोष्टींवर क्रमांक वर-खाली होतात. हे तिन्ही प्रश्न एका माणसाच्या आयुष्यभर त्याच्या कामाच्या टेबलावर होते. त्या माणसाचे नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. अमेरिकेतील १२८ पेटंट त्यांच्या नावावर आहेत. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममधील कारखान्यातच त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते घडवत असलेले पिस्तूल अपुरे होते आणि त्या पिस्तुलाचे सर्वांत महत्त्वाचे अंग, म्हणजे मॅगझिन, त्यांनी स्वतः बनवलेलेही नव्हते. असे का झाले, याचा हा आढावा.

मॅगझिन म्हणजे नेमके काय?

मराठी वाचकाला मॅगझिन म्हटले की आधी मासिक आठवते. मूळ शब्द अरबी असून त्याचा अर्थ कोठार. आपला खजिना हा शब्दही त्याच मुळातून आला. बंदुकीतील मॅगझिन म्हणजे काडतुसांचे कोठार. मात्र केवळ साठवणे हे त्याचे काम नाही. प्रत्येक गोळी झाडल्यावर पुढचे काडतूस ठरावीक जागी, ठरावीक कोनात आणि ठरावीक क्षणी उभे करणे, हे त्याचे खरे काम.

आजचे बहुतेक मॅगझिन पत्र्याची किंवा प्लास्टिकची चपटी डबी असते. तळाशी स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर काडतुसांना वर ढकलणारी पट्टी आणि तोंडाशी आत वळवलेल्या दोन कडा, एवढाच तिचा पसारा. या कडा काडतूस अडवून धरतात आणि बंदुकीचा बोल्ट मागून ढकलू लागला की ते पुढे सोडतात. कडा किंचित फाकल्या, स्प्रिंग थकली किंवा आत वाळू गेली की काडतूस तिरके होते आणि बंदूक अडते. हजारो रुपयांच्या यंत्राचा भरवसा अशा साध्या डबीवर असतो.

वडिलांच्या दुकानात ब्राउनिंग काय शिकले?

जॉन यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेच्या युटा प्रांतातील ऑग्डेन गावात झाला. वडील जोनाथन हे बंदुका घडवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर. ते मॉर्मन पंथाचे होते. पंथीयांच्या स्थलांतरात १८५२ मध्ये ते युटात आले. तीन पत्नी आणि २२ मुले असा त्यांचा मोठा कुटुंबकबिला होता.

मॅगझिनचे कोडे या घरात जॉन यांच्या जन्माआधीच शिरले होते. इलिनॉयमध्ये असताना जोनाथन यांनी एक रायफल बनवली होती. तिच्यात पाच बार भरलेली एक लोखंडी पट्टी आडवी सरकवायची. एक बार उडाला की पट्टी हाताने पुढे ढकलायची आणि दुसरा खाना नळीसमोर आणायचा. तोंडाने वाजवण्याच्या हार्मोनिकासारखी दिसते म्हणून अशा बंदुकांना हार्मोनिका गन म्हणत. एकामागून एक गोळ्या झाडण्याची ती ओबडधोबड पण चालणारी युक्ती होती.

जॉन यांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. दुकानात येणारी मोडकी हत्यारे हीच त्यांची शाळा. दहा वर्षांचे असताना भंगारातल्या नळीपासून त्यांनी पहिली बंदूक जुळवली, अशी आठवण कुटुंबात सांगितली जाई. १८६९ मध्ये अमेरिकेच्या दोन टोकांना जोडणारा लोहमार्ग ऑग्डेनजवळ पूर्ण झाला आणि हे गाव रेल्वेचे जंक्शन बनले. वर्दळ वाढली, तशा दुरुस्तीला येणाऱ्या बंदुकाही वाढल्या. कुठली बंदूक कुठे मोडते, कुठे अडते, याचा असा अनुभव कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात मिळाला नसता. जोनाथन १८७९ मध्ये वारले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला २४ वर्षांच्या जॉन यांना पहिले पेटंट मिळाले. ते एकबारी रायफलीचे होते. तिला मॅगझिनच नव्हते.

विंचेस्टर कंपनी ऑग्डेनपर्यंत कशी पोहोचली?

जॉन आणि त्यांच्या भावंडांनी गावातच छोटा कारखाना काढून ही रायफल विकायला सुरुवात केली. त्यातली एक विंचेस्टर या बड्या कंपनीच्या विक्रेत्याच्या हाती पडली. १८८३ मध्ये कंपनीचे वरिष्ठ अधिकारी टी. जी. बेनेट पूर्व किनाऱ्यावरून रेल्वेने ऑग्डेनला आले आणि ८,००० डॉलर देऊन त्यांनी रायफलीचे हक्क विकत घेतले. पुढे हीच रायफल विंचेस्टर १८८५ या नावाने बाजारात आली.

येथून सुमारे १९ वर्षांची भागीदारी सुरू झाली. ब्राउनिंग नमुना बनवत, विंचेस्टर तो एकरकमी विकत घेत असे. चाळीसहून अधिक नमुने कंपनीने घेतले, त्यातले थोडेच कारखान्यात उतरले. बाकीचे कपाटात गेले. ते प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू नयेत, एवढ्यासाठीच पैसे मोजले जात. या व्यवहारात ब्राउनिंग यांना विकलेल्या प्रत्येक बंदुकीमागे हिस्सा मिळत नसे.

ब्राउनिंग स्वतः नेमबाजही होते. जॉन, त्यांचे भाऊ मॅथ्यू आणि बिगेलो व बेकर हे दोन मित्र यांचा चमू त्या काळी युटातील नेमबाजी स्पर्धांत गाजत होता. चौघांच्या आडनावाचे पहिले इंग्रजी अक्षर बी, म्हणून चार बी अशीच त्यांची ओळख पडली. बंदूक नेमकी ऐन वेळी अडली की काय होते, हे त्यांनी दुकानात ऐकले होते, तसे मैदानातही अनुभवले होते.

पिस्तुलाच्या गोळीची कार्बाइन तेव्हाही होती का?

होती, आणि तिच्यामागे अगदी व्यवहारी कारण होते. घोड्यावरून फिरणाऱ्या माणसाला कमरेचे रिव्हॉल्व्हर आणि खोगिराची कार्बाइन यांना एकच काडतूस चालले तर एकच पट्टा बाळगावा लागे. विंचेस्टरच्या १८७३ च्या रायफलीने ही सोय लोकप्रिय केली होती, पण तिची यंत्रणा बोजड होती.

ती हलकी आणि भक्कम करण्याचे काम ब्राउनिंग यांच्याकडे आले. त्याची एक कथा बंदुकांच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. काम लवकर झाले तर जास्त पैसे, असा प्रस्ताव बेनेट यांनी ठेवला. त्यावर ब्राउनिंग यांनी ३० दिवसांत नमुना देण्याची तयारी दाखवली. वेळेत दिला तर २०,००० डॉलर, नाही तर फुकट, अशी त्यांची अट होती. नमुना मुदतीत पोहोचला. विंचेस्टर १८९२ हीच ती बंदूक. रिव्हॉल्व्हरची .४४-४०, .३८-४० आणि .३२-२० ही काडतुसे ती खात असे. आजच्या स्पर्धेतील कार्बाइनची ही खरी पूर्वज. पिस्तूल आणि कार्बाइन यांना एकच काडतूस चालावे, हा विचार आजही तोच आहे. फक्त आता त्यात एकच मॅगझिनही चालावे, एवढी भर पडली आहे.

नळीचे मॅगझिन कुठे कमी पडले?

१८९२ च्या रायफलीचे मॅगझिन म्हणजे नळीखाली बसवलेली दुसरी नळी. काडतुसे त्यात एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी राहत. चापाभोवतीची कडी खाली-वर केली की एक काडतूस मागे येऊन वर उचलले जाई. बंदूक सुटसुटीत राही आणि बाहेर काही लोंबत नसे.

पण या रचनेला दोन मर्यादा होत्या. एक, भरायला वेळ लागे, कारण बाजूच्या झडपेतून एकेक काडतूस आत सारावे लागे. दुसरी मर्यादा गंभीर होती. नळीत प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकते आणि बुडाशीच ठिणगी पाडणारी टोपी असते. बोथट टोकाच्या गोळ्यांना त्याचा त्रास नव्हता. पण लांब पल्ल्यासाठी टोकदार गोळ्या आल्या, तेव्हा झटक्याने मॅगझिनमध्येच स्फोट होण्याचा धोका उभा राहिला.

उत्तर होते डबीचे मॅगझिन, ज्यात काडतुसे एकमेकांवर आडवी रचली जातात. जेम्स पॅरिस ली यांनी सुटे होणाऱ्या अशा डबीचे पेटंट १८७९ मध्येच घेतले होते. भारतात पिढ्यान् पिढ्या पोलिसांच्या खांद्यावर दिसलेल्या .३०३ ली-एनफिल्ड रायफलीच्या नावातले ली ते हेच. ब्राउनिंग यांनी विंचेस्टर १८९५ साठी डबीचा मार्ग धरला. तिची डबी मात्र बंदुकीतच पक्की बसवलेली होती. पहिल्या महायुद्धात रशियाने या रायफली लाखोंच्या संख्येने घेतल्या.

मॅगझिन मुठीत कसे गेले?

१८८९ च्या सुमारास नेमबाजीच्या मैदानावर ब्राउनिंग यांनी एक साधी गोष्ट पाहिली. गोळी सुटताना नळीतून निघणाऱ्या वायूच्या झोताने समोरचे गवत वाकत होते. ही शक्ती वाया का जावी, या विचारातून त्यांनी वायूवर चालणारी मशीनगन बनवली. कोल्ट कंपनीने ती १८९५ मध्ये बाजारात आणली. आता काडतूस भरायचे काम हाताऐवजी बंदूकच करणार होती.

याचा मॅगझिनवर मोठा परिणाम झाला. हाताने कडी ओढणारा माणूस काडतूस अडले तर ते जाणवून हात आवरू शकतो. स्वयंचलित यंत्र तसे थांबत नाही. बोल्ट मागे जाऊन पुढे येईपर्यंतच्या क्षणभरात स्प्रिंगने पुढचे काडतूस वर आणलेच पाहिजे. उशीर झाला तर बोल्ट रिकामाच पुढे जातो. तिरके आले तर सारेच अडते.

याच काळात त्यांनी पिस्तुलाकडे मोर्चा वळवला. नळीवरून मागे-पुढे सरकणारी स्लाइड आणि मुठीत खालून बसणारे सुटे मॅगझिन, ही आज सगळ्या जगाला परिचित असलेली जोडी त्यांच्या पिस्तुलांनी रूढ केली. मुठीची जागा तशीही हाताने व्यापलेलीच असते. तिथेच कोठार ठेवले तर पिस्तूल लहान राहते आणि अंधारातही एक हात दुसऱ्या हाताला शोधून मॅगझिन बदलू शकतो. स्पर्धेतील नेमबाज आज न बघता मॅगझिन बदलतात, त्याचे मूळ या रचनेत आहे.

१८९७ मध्ये बेल्जियममधील एफएन या कंपनीशी त्यांचा करार झाला. लिएजजवळच्या हर्स्टल येथील या कारखान्याने त्यांचे सात गोळ्यांचे पिस्तूल बनवायला घेतले आणि ते इतके खपले की फ्रेंच भाषिकांत ब्राउनिंग म्हणजेच पिस्तूल, असा शब्दप्रयोग रूढ झाला. १९१४ पर्यंत एफएनने त्यांची दहा लाख पिस्तुले बनवली. बेल्जियमच्या राजाने त्यांना ऑर्डर ऑफ लिओपोल्ड हा सन्मान दिला.

विंचेस्टरशी नाते का तुटले?

ब्राउनिंग यांनी स्वयंचलित शॉटगन बनवली, तेव्हा मात्र एकरकमी विक्रीला त्यांनी नकार दिला. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी हवी, ही त्यांची मागणी विंचेस्टरला मान्य नव्हती. ते रेमिंग्टन कंपनीकडे गेले. ८ जानेवारी १९०२ रोजी ते कंपनीच्या कार्यालयात भेटीची वाट पाहत असतानाच प्रमुख मार्सेलस हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाल्याची बातमी आली. मग ब्राउनिंग बंदूक घेऊन जहाजाने थेट बेल्जियमला पोहोचले. एफएनने ती स्वीकारली. ऑटो-५ या नावाने ती पुढे जवळपास शतकभर बनत राहिली. कारागिराने आपल्या कामाची किंमत ठरवण्याचा हक्क मागितला आणि त्यासाठी १९ वर्षांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक सोडला, हे त्यांच्या आयुष्यातले निर्णायक वळण.

६,००० गोळ्यांची परीक्षा काय होती?

अमेरिकी लष्कराला नवे पिस्तूल हवे होते. मार्च १९११ मध्ये अखेरची चाचणी झाली. कोल्टने बनवलेल्या ब्राउनिंग यांच्या पिस्तुलातून दोन दिवसांत ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या. तापले की ते पाण्यात बुडवून थंड करायचे आणि पुन्हा सुरू करायचे. पिस्तूल एकदाही अडले नाही. स्पर्धेतील सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल मात्र अनेकदा अडले. २९ मार्च १९११ रोजी लष्कराने ब्राउनिंग यांचे पिस्तूल स्वीकारले. एम १९११ म्हणून ते सात दशकांहून अधिक काळ अमेरिकी सैन्यात राहिले.

या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये गोळ्या होत्या अवघ्या सात. .४५ चे जाडजूड काडतूस एका ओळीत रचले की मुठीत तेवढेच मावते. पण एक ओळ ही भरवशाची ओळ असते. काडतूस सरळ वर येते, त्याला वळावे लागत नाही. गोळ्या कमी, पण भरवसा पूर्ण, ही ब्राउनिंग यांची तोवरची निवड होती.

युद्धाने काय बदलले?

२८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे गॅव्हरिलो प्रिन्सिप याने आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या केली. त्याच्या हातात एफएनने बनवलेले ब्राउनिंग यांचे १९१० चे पिस्तूल होते. महायुद्ध एका पिस्तुलामुळे होत नाही, त्याची कारणे खोल होती. तरीही खिशात मावणारे, कुणालाही चालवता येणारे आणि हमखास चालणारे हत्यार बनवले की ते कुणाच्या हाती जाईल हे कारागिराच्या हातात राहत नाही, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण. युद्ध सुरू होताच जर्मन सैन्याने बेल्जियम व्यापला आणि हर्स्टलचा कारखानाही त्यांच्या ताब्यात गेला.

१९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा ब्राउनिंग यांनी पट्ट्याने काडतुसे घेणारी मशीनगन आणि २० गोळ्यांचे सुटे मॅगझिन असलेली बीएआर ही स्वयंचलित रायफल दिली. मशीनगनच्या चाचणीत एक बंदूक सलग ४८ मिनिटे चालली. सरकारने हक्कांसाठी साडेसात लाख डॉलर देऊ केले आणि ब्राउनिंग यांनी घासाघीस न करता ते स्वीकारले. प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी घेतली असती, तर रक्कम कितीतरी पट झाली असती. विंचेस्टरशी रॉयल्टीवरून फारकत घेणाऱ्या माणसाने देशाकडून मात्र ती मागितली नाही. त्यांचा मुलगा व्हॅल हा अधिकारी म्हणून फ्रान्समध्ये होता आणि हीच हत्यारे सैनिकांना शिकवत होता.

बीएआरने मॅगझिनचा नवा धडा दिला. २० गोळ्या रायफलीसाठी पुष्कळ होत्या, पण सलग मारा करणाऱ्या हत्यारासाठी त्या काही सेकंदांत संपत. गोळ्या वाढवायच्या तर मॅगझिन लांब होते, जमिनीला लागते, वजन वाढते. किती गोळ्या पुरेशा, याचे एक उत्तर नसते. ते काम काय आहे, यावर ठरते.

१३ गोळ्यांचे पिस्तूल कसे घडले?

युद्धानंतर फ्रान्सच्या लष्कराने नव्या पिस्तुलासाठी अटी जाहीर केल्या. त्यातली एक अट किमान १० गोळ्यांची होती. ब्राउनिंग यांच्या एकेरी ओळीच्या मॅगझिनमध्ये हे बसत नव्हते. एवढ्या गोळ्यांची गरज ब्राउनिंग यांना सुरुवातीला पटली नव्हती, असे सांगितले जाते. सात गोळ्यांनी त्यांचे नाव जगभर केले होते.

कोडे सोडवले ते एफएनमधील तरुण अभियंता द्युदोने सेव्ह यांनी. त्यांनी ९ मिमी काडतुसांच्या दोन ओळी एकमेकींच्या फटीत सरकवून रचल्या, जशी फळवाला पेटीत संत्री रचतो तशी. त्यामुळे जाडी दुप्पट झाली नाही. डबीचे तोंड मात्र निमुळते केले, म्हणजे दोन ओळी वर येता येता एकीत मिसळतात आणि बोल्टसमोर एका वेळी एकच काडतूस, नेहमीच्याच जागी येते. हातात मावणाऱ्या मुठीत गोळ्या जवळपास दुप्पट झाल्या.

ते पाहिल्यावर ब्राउनिंग यांनी या मॅगझिनभोवती पिस्तूल रचायला घेतले. एरवी बंदूक आधी आणि मॅगझिन नंतर, असा क्रम. येथे तो उलटा झाला. साठी ओलांडलेल्या, जगप्रसिद्ध कारागिराने आपल्यापेक्षा कितीतरी लहान सहकाऱ्याची डबी पुढ्यात ठेवून काम सुरू केले, ही गोष्ट त्यांच्या पेटंटच्या यादीत दिसत नाही. त्यांनी दोन नमुने बनवले. त्यातल्या एकाच्या पेटंटसाठी १९२३ मध्ये अमेरिकेत अर्ज केला.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी हर्स्टलच्या कारखान्यात मुलाच्या कार्यालयातच त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. वय ७१. दुनळी शॉटगनचा एक आराखडाही अपुरा होता, तो व्हॅल यांनी पूर्ण केला. पिस्तुलाचे पेटंट मिळाले ते २२ फेब्रुवारी १९२७ रोजी, म्हणजे तीन महिन्यांनी. ब्राउनिंग यांचे पार्थिव ऑग्डेनला नेऊन दफन करण्यात आले.

सेव्ह यांनी पिस्तुलावर काम सुरूच ठेवले. आधी कोल्टकडे असलेल्या ब्राउनिंग यांच्याच जुन्या पेटंटांची मुदत १९२८ मध्ये संपली आणि त्यातील कल्पनाही वापरता आल्या. १९३५ मध्ये बेल्जियमच्या सैन्याने १३ गोळ्यांचे हे पिस्तूल स्वीकारले. ज्या फ्रान्ससाठी ते सुरू झाले, त्याने मात्र दुसरेच पिस्तूल निवडले. बेल्जियमच्या या पिस्तुलाला हाय पॉवर नाव पडले आणि त्यावर ब्राउनिंग यांचेच नाव राहिले.

भारताशी त्याचा संबंध काय?

दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम पुन्हा जर्मनीच्या ताब्यात गेला. सेव्ह आणि काही सहकारी ब्रिटनला निसटले. कॅनडातील टोरंटोच्या इंग्लिस कंपनीने हाय पॉवर बनवायला घेतले. त्याच नमुन्यावर पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए बनू लागले. भारतीय सैन्यातील अधिकाऱ्यांच्या कमरेला दीर्घकाळ दिसलेले १३ गोळ्यांचे पिस्तूल ते हेच. सर्वसामान्य नागरिकांसाठी मात्र ९ मिमी बोअर आपल्याकडे निषिद्ध वर्गात मोडतो. त्यामुळे ९ मिमी कार्बाइनच्या स्पर्धा मुख्यतः अमेरिका आणि युरोपात बहरल्या.

आजचे स्पर्धक मॅगझिन कसे निवडतात?

अमेरिकेतील यूएसपीएसए या संघटनेने २०१६ मध्ये पिस्तूल कॅलिबर कार्बाइनला वेगळा विभाग दिला. या खेळात नेमबाज पळत, वळत, अडथळ्यांआडून लक्ष्ये टिपतो. गुण आणि वेळ दोन्ही मोजले जातात. पिस्तुलांच्या अनेक विभागांत मॅगझिनच्या लांबीवर किंवा गोळ्यांवर मर्यादा असते. या संघटनेच्या कार्बाइन विभागात तशी मर्यादा नाही. मोठ्या फेरीत जास्तीत जास्त ३२ गोळ्या लागतात. म्हणून चुकलेल्या नेमांची तजवीज धरून ४० किंवा त्याहून अधिक गोळ्यांचे मॅगझिन वापरायचे आणि मॅगझिन बदलण्याचा वेळच वाचवायचा, हा अनेकांचा हिशेब असतो.

पण पहिला निर्णय गोळ्यांचा नसतो, घराण्याचा असतो. काही कार्बाइन ग्लॉक पिस्तुलाचे मॅगझिन घेतात. ते सेव्ह यांच्याच तत्त्वावर चालते, आत दोन ओळी आणि तोंडाशी एक. ते सहज मिळते आणि तेच पिस्तुलालाही चालते. मात्र भरताना शेवटच्या गोळ्या अंगठ्याने दाबणे जड जाते, म्हणून भरण्याचे छोटे साधन लागते. काही कार्बाइन उझी किंवा एमपी ५ या बंदुकांच्या धर्तीचे मॅगझिन घेतात. त्यांच्या तोंडाशीही दोन ओळी राहतात आणि काडतूस एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पुढे जाते. ओळी मिसळण्याचा अडसर नसल्याने आत घर्षण कमी होते. पण तोंड रुंद असल्याने ते पिस्तुलाच्या मुठीला सोयीचे नसते.

दोन ओळींची एक करण्याची जागा नाजूक असते, याचा अनुभव दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांना स्टेन गनमध्ये आला. तिच्या ३२ गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये सैनिक मुद्दाम दोन-चार गोळ्या कमी भरत, म्हणजे ती अडणार नाही. आजच्या कार्बाइन नेमबाजाची सवयही तीच. बोल्ट बंद असताना काठोकाठ भरलेले मॅगझिन नीट बसत नाही, म्हणून अनुभवी खेळाडू एक-दोन गोळ्या कमी ठेवतात.

दुसरा निर्णय लांबीचा. तळाला जोड लावून गोळ्या वाढवता येतात, पण लांब डबीला तेवढी ताकदवान स्प्रिंग हवी. जुनीच स्प्रिंग ठेवून नुसता जोड लावला, तर शेवटची काडतुसे वेळेत वर येत नाहीत. शिवाय ४० गोळ्यांचे वजन बंदुकीच्या मध्याखाली लोंबते, झोपून नेम धरताना जमिनीला लागते आणि वळताना जाणवते.

तिसरा निर्णय सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगाचा. प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घालणे, स्पर्धेत वापरायच्या काडतुसांनीच प्रत्येकाची चाचणी घेणे, एखादे अडले की त्याच्या क्रमांकासमोर नोंद करणे आणि पुन्हा अडले तर ते सरावाच्या पेटीत टाकणे. स्पर्धेची मॅगझिन सरावात मातीत पाडायची नाहीत. दर काही स्पर्धांनी ती उघडून पुसायची, स्प्रिंग बदलायची. बंदूक अडली की दोष बहुधा बंदुकीला दिला जातो. तो डबीत आहे का हे नोंद असेल तरच कळते.

जास्त की खात्रीचे?

ब्राउनिंग यांच्या आयुष्यात मॅगझिनने चार रूपे घेतली. वडिलांची आडवी पट्टी, नळीखालची नळी, मुठीतील एकेरी डबी आणि अखेरची दुहेरी डबी. प्रत्येक रूपाने आधीची एक अडचण सोडवली आणि नवी एक आणली. पट्टी हाताने सरकवावी लागे, नळी भरायला वेळ लागे, एकेरी डबीत गोळ्या कमी मावत, दुहेरी डबीचे तोंड नाजूक. यातले कुठलेच उत्तर अंतिम नव्हते आणि ब्राउनिंग यांनी तसा आग्रहही धरला नाही. सात गोळ्यांवर कीर्ती मिळवूनही त्यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर दुसऱ्याची १३ गोळ्यांची वाट धरली. पण ती धरताना एक काडतूस, एकाच जागी, दर वेळी, ही आपली जुनी अट त्यांनी सोडली नाही.

मैदानावर ४० गोळ्यांची डबी घेऊन उभ्या राहणाऱ्या नेमबाजासाठीही हिशेब तोच आहे. ३२ गोळ्यांच्या फेरीत डबीत ४० असल्या आणि सतरावी अडली, तर आधीच्या सोळा आणि नंतरच्या तेवीस या दोन्हींचा उपयोग घड्याळ ठरवते. म्हणून जाणते खेळाडू नव्या मॅगझिनमध्ये किती गोळ्या मावतात हे विचारण्याआधी, ते शंभर वेळा भरून रिकामे करून पाहतात.